घरफोडीनंतर टीव्ही, लॅपटॉप, इन्व्हर्टरचा विमा दावा: फिर्यादीपासून खात्यात पैसे येईपर्यंत

घरफोडीचा विमा दावा अडतो तो बहुधा दोन ठिकाणी. फिर्यादीत 'कुलूप तोडून' असे शब्द नसतात, नाहीतर चोरीला गेलेल्या वस्तूंचे सीरियल नंबर कुठंच नोंदलेले नसतात. दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशी तुमच्या हातात असतात, आठवड्यानं त्या दुरुस्त करायला हेलपाटे पडतात. म्हणून खाली पहिल्या दिवसाबद्दल जास्त लिहिलं आहे, पुढच्या कागदपत्रांबद्दल गरजेपुरतं.

दार उघडं दिसलं की

आत शिरू नका. चोरटा अजून आत असू शकतो, आणि नसला तरी त्याचे ठसे असतात. ११२ वर फोन करा. पोलीस येईपर्यंत शेजारी, भावकी, पाहुणे सगळे जमतात आणि मदत म्हणून पहिलं काम घर आवरायचं करतात. त्यांना वट्ट्यावरच बसवा. पसरलेलं सामान, उचकटलेलं कपाट आणि तुटलेला कडीकोयंडा हाच तुमचा पुरावा आहे.

पोलिसांनी परवानगी दिली की मोबाइलवर फोटो काढा. दाराचा कोयंडा जवळून आणि लांबून, चौकटीवर कटावणीच्या खुणा, वाकवलेले खिडकीचे गज, भिंतीवर टीव्हीचं रिकामं ब्रॅकेट, इन्व्हर्टरच्या कापलेल्या वायरी, वायफायच्या डब्याची लोंबणारी केबल. रिकाम्या जागेचा फोटो फुकट वाटतो, पण तिथं ती वस्तू होती हे त्यातूनच दिसतं. तुटलेलं कुलूप पोलिसांनी जप्त केलं नाही तर पिशवीत घालून जपून ठेवा, भंगारात टाकू नका. दार रात्रीपर्यंत नीट करावंच लागतं. ते पंचनामा झाल्यावर करा आणि सुताराची किंवा वेल्डरची पावती घ्या, कारण बऱ्याच पॉलिसींत चोरट्यांनी केलेली दाराची मोडतोडही भरून मिळते.

गल्लीतल्या दुकानाचा किंवा शेजाऱ्याचा कॅमेरा असेल तर त्याच दिवशी फुटेज पेनड्राइव्हवर घ्या. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्याची, डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. डिस्क लहान आणि कॅमेरे जास्त असतील तर आठवड्याभरातच. तुमच्या घरचा डीव्हीआर चोरट्यानं उचलून नेला असेल, तसं होतंच, तर तोही चोरीच्या यादीत घालायचा. ही वस्तू हमखास विसरली जाते.

लॅपटॉप किंवा मोबाइल गेला असेल तर दुसऱ्या फोनवरून गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल खातं उघडा. तिथं उपकरणांच्या यादीत चोरीला गेलेल्या वस्तूचा आयएमईआय किंवा सीरियल नंबर बहुधा दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट आधी घ्या, मग उपकरण लॉक करा, पण ते खात्यातून काढू नका. काढलं तर नंबरही जातो आणि लॉकही सुटू शकतं. टीव्हीवर लॉगइन केलेली खातीही बंद करा. बँकेला कळवा, आणि खात्यातून पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.

फिर्यादीत काय लिहिलं जातं याकडे लक्ष द्या

विम्याच्या भाषेत चोरी आणि घरफोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरफोडीच्या पॉलिसीत बळ वापरून आत शिरणं किंवा बाहेर पडणं झालेलं असावं लागतं. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये हेच धरलं: पॉलिसीत बळाची अट असेल तर चोरीच्या आधी बळाचा वापर झालेला दिसला पाहिजे, नुसती चोरी पुरेशी नाही. कंपन्या आजही याच निकालावर बोट ठेवतात.

आपल्याकडं उन्हाळ्यात याचा फटका बसतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात घरातले सगळे गच्चीवर झोपतात, खालचं दार नुसतं ओढलेलं असतं, आणि पहाटे उतरून बघावं तर टीव्ही नाही, मोबाइल नाहीत. चोरी खरी, पण कुलूप तुटलेलं नाही. तेच किल्ली कुंडीखाली किंवा दाराच्या वरच्या फळीवर ठेवण्याचं. अशा साध्या चोरीची भरपाई मिळायची असेल तर पॉलिसीत साध्या चोरीचं वाढीव संरक्षण घेतलेलं असावं लागतं. ते नसेल तर फिर्यादीत खोटं कुलूप तोडू नका. स्थळ पंचनाम्यात कोयंडा शाबूत लिहिलेला असतो, आणि मग दावा तर जातोच, वर खोट्या माहितीचं प्रकरण मागं लागतं.

पण बळ वापरलं गेलं असेल तर ते स्पष्ट शब्दांत आलंच पाहिजे. 'घरातून टीव्ही चोरीस गेला' एवढं पुरत नाही. फिर्याद साधारण अशी असावी: 'दि. … रोजी रात्री … वाजता घरास कुलूप लावून बाहेरगावी गेलो. दि. … रोजी सकाळी … वाजता परत आलो असता समोरील दाराचा कडीकोयंडा तुटलेला दिसला. अज्ञात चोरट्याने कडीकोयंडा तोडून घरात प्रवेश करून खालील वस्तू चोरून नेल्या.' गज वाकवून आला असेल तर गज, मागचं दार उचकटलं असेल तर मागचं दार. पंचनाम्यातलं वर्णन आणि फिर्यादीतलं वर्णन एकच हवं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. घरफोडीसाठी त्यातलं कलम ३३१ पाहा: दिवसाची असेल तर ३३१(३), रात्रीची असेल तर ३३१(४). राहत्या घरातल्या चोरीसाठी कलम ३०५. एफआयआरवर नुसतं ३०३ किंवा ३०५ असेल आणि ३३१ नसेल, तर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनीनं नेमलेला माणूस, पहिला प्रश्न तोच काढतो. सही करण्याआधी ठाणे अंमलदारांना नम्रपणे विचारा, 'साहेब, कोयंडा तोडलाय, मग घरफोडीचं कलम लागेल ना?'

आता किमतीचं. एफआयआरमध्ये प्रत्येक वस्तूपुढं 'जु.वा.किं.अं.' असं लिहून एक आकडा टाकतात, म्हणजे जुनी वापरती किंमत अंदाजे. चाळीस हजारांच्या टीव्हीपुढं पाच हजार लिहिलेलं सर्रास दिसतं. पोलिसांच्या दृष्टीनं तो अंदाज आहे, पण कंपनी तो तुमच्याच तोंडचा आकडा म्हणून पुढं करते. बिल हाती असेल तर 'खरेदी किंमत इतकी, खरेदी दिनांक अमुक' असं लिहून घ्या. बिल नसेल तर 'बिले मिळाल्यावर नक्की किंमत व सीरियल नंबर देतो' हे वाक्य फिर्यादीत घाला. मग आठ-दहा दिवसांत बिलं गोळा करून तपासी अंमलदारांकडं पुरवणी जबाब द्या. राहून गेलेल्या वस्तूही पुरवणी जबाबात येतात. रिमोट, साउंडबार, सेट-टॉप बॉक्स, चार्जर, राउटर या गोष्टी पहिल्या दिवशी कुणालाच आठवत नाहीत. मात्र दाव्याची यादी आणि पोलिसांकडची यादी यांत एका वस्तूचाही फरक ठेवू नका. दाव्यात आहे आणि एफआयआरमध्ये नाही, ती वस्तू सर्व्हेअर सरळ खोडतो.

ठाण्यात कधी कधी 'ऑनलाइन गहाळ नोंद करून टाका' असा सल्ला मिळतो. गहाळ म्हणजे हरवलेलं. त्या कागदावर घरफोडीचा दावा मिळत नाही. एफआयआरच हवा. तो नोंदवून घ्यायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना, आणि शहरात पोलीस आयुक्तांना, लेखी अर्ज टपालानं पाठवायची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. त्याच कलमानुसार एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. चोरी झाली तेव्हा तुम्ही लेकरांकडं पुण्यात असाल तर तिथल्या ठाण्यातही झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला एफआयआर, देता येतो, किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं माहिती देऊन ३ दिवसांत सही करता येते. तरी शक्य असेल तर स्वतः गावी या. पंचनाम्याच्या वेळी घरचं माणूस नसेल तर अर्ध्या खुणा नोंदवायच्या राहतात.

कोणत्या पॉलिसीत काय येतं

सगळ्यात मोठा गैरसमज गृहकर्जासोबत आलेल्या पॉलिसीबद्दल असतो. 'घराचा विमा आहे' असं सांगितलं जातं, आणि तो फक्त इमारतीचा, आग, पूर, भूकंप असल्या आपत्तींचा असतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी द्यायची प्रमाणित पॉलिसी म्हणजे भारत गृह रक्षा. तिच्यात घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, आपोआप संरक्षण मिळतं. हे वाचून माणूस निर्धास्त होतो. पण मूळ पॉलिसीत चोरी येते ती आग किंवा पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांत, त्या घटनेमुळे झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं जोडसंरक्षण किंवा वेगळी घरफोडी पॉलिसी लागते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'बर्गलरी' हा शब्द आणि त्यापुढं रक्कम आहे का, ते पाहा.

मग अपवाद वाचा. चार गोष्टी नेमक्या शोधायच्या.

घर किती दिवस सलग बंद असेल तर संरक्षण थांबतं? बऱ्याच पॉलिसींत ही अट ३० दिवसांची असते, काहींत त्याहून कमी. मराठवाड्यात हा मुद्दा किती जणांना लागू होतो याचा विचार करा: लेकराच्या नीटच्या क्लाससाठी आई लातूरला किरायानं खोली करून राहते, वडील नोकरीच्या गावी, आणि गावाकडचं घर महिनोन्महिने कुलपात. अशा घराची घरफोडी झाली तर दावा अटीतच अडकतो. आधीच कंपनीला लेखी कळवून मंजुरी घेतली असेल तरच उपयोग.

पॉलिसीवर पत्ता कोणता आहे? संरक्षण त्या पत्त्यावरच्या सामानाला असतं. गावाकडच्या पॉलिसीत लातूरच्या खोलीतला लॅपटॉप येत नाही. किरायेदारालाही स्वतःच्या सामानाची पॉलिसी घेता येते. त्यासाठी घर स्वतःचं असावं लागत नाही, पण भाडेकरार जवळ ठेवा.

लॅपटॉप, मोबाइल, कॅमेरा या हातात घेऊन फिरायच्या वस्तू सामानाच्या व्याख्येतून अनेकदा वगळलेल्या असतात किंवा त्यांचं कलम वेगळं असतं. आणि घराबाहेरच्या वस्तू: खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर ठेवलेला कूलर, गच्चीवरचं एसीचं बाहेरचं युनिट, अंगणातली पाण्याची मोटार. 'घराच्या आत' अशी अट असेल तर यातलं काही मिळत नाही. शेतातली मोटार, केबल, स्टार्टर तर घराच्या पॉलिसीत अजिबात येत नाही, त्याचा विमा वेगळा.

घरातल्या माणसानं किंवा घरकामाच्या माणसानं केलेली चोरी बहुतेक पॉलिसींत अपवादात असते. फिर्यादीत उगाच 'अमक्यावर संशय' लिहिताना हे लक्षात असू द्या. संशय खरा असेल तर लिहायलाच हवा, पण रागाच्या भरात नाव घेऊ नका.

बिलं सापडत नसतील तर

ऑनलाइन खरेदीचं बिल ॲपमधल्या जुन्या ऑर्डरमधून उतरवून घेता येतं. दुकानातून घेतलं असेल तर जीएसटी बिलाची दुसरी प्रत मागा. दुकानदाराच्या संगणकात मोबाइल नंबरावरून बिल निघतं, त्यावर शिक्का आणि सही घ्या. हप्त्यावर घेतलं असेल तर फायनान्स कंपनीच्या कर्जाच्या कागदांत मॉडेल असतं, पुष्कळदा सीरियल नंबरही. सर्व्हिस सेंटरकडं वॉरंटीची किंवा दुरुस्तीची नोंद असते, तिथूनही नंबर मिळतो. मोबाइलचा आयएमईआय खोक्यावर छापलेला असतो, १५ अंकी. खोकं माळ्यावर असेल तर सोन्यासारखं आहे.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचा महत्त्वाचा कागद म्हणजे दुकानदारानं तारीख घालून दिलेलं वॉरंटी कार्ड. बॅटरी रोखीनं आणि जुनी बॅटरी बदल्यात देऊन घेतली जाते, म्हणून बिल बहुधा नसतंच. कार्डही नसेल तर ज्यानं बसवली त्या इलेक्ट्रिशियनकडून लेखी घ्या.

यातलं काहीच नसेल तर आजूबाजूचा पुरावा जोडा: बँक स्टेटमेंटमधली नोंद, डीटीएचचे रिचार्ज, ब्रॉडबँडची बिलं, वाढदिवसाच्या फोटोत मागं दिसणारा टीव्ही. एकेका कागदाला वजन कमी, पण चार जमले की सर्व्हेअरला वस्तू नव्हतीच असं म्हणता येत नाही. जुळवून आणलेलं, मागच्या तारखेचं बिल मात्र कधीही लावू नका. दुकानदाराचा जीएसटी नंबर आणि बिलाचा क्रमांक तपासला जातो, आणि एक खोटं बिल खऱ्या वस्तूंचाही दावा बुडवतं.

मोबाइलसाठी आणखी एक काम: संचार साथी या सरकारी पोर्टलच्या सीईआयआर विभागात (चोरीचे मोबाइल बंद करायची सोय) जाऊन आयएमईआय ब्लॉक करा. एफआयआरची प्रत, ओळखपत्र आणि ओटीपीसाठी त्याच नंबरचं नवं सिम लागतं. नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो, त्यामुळं त्याच दिवशी ओटीपी आला नाही तर घाबरू नका. ब्लॉक केल्याची पावती दाव्याला जोडा.

कंपनीला कळवणं आणि सर्व्हेअरची भेट

एजंटला फोन केला म्हणजे कळवलं असं होत नाही. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर किंवा ॲपवर नोंद करून दावा क्रमांक घ्या, आणि त्याच दिवशी ईमेलही करा: पॉलिसी क्रमांक, पत्ता, घटनेची वेळ, ठाण्याचं नाव, ढोबळ यादी. एफआयआर हाती यायची वाट बघू नका, तो नंतर पाठवता येतो. उशीर झालाच असेल तर कारण लेखी द्या. केवळ उशिराच्या तांत्रिक कारणावरून खरे दावे नाकारू नयेत असं विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०११ मध्येच कंपन्यांना कळवलं आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २०२० मध्ये गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या वाहनचोरीच्या प्रकरणात, पोलिसांत लगेच फिर्याद दिली असेल तर कंपनीला कळवण्यातल्या उशिरावर दावा फेटाळता येणार नाही, असं म्हटलं.

नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीनं ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. लहान रकमेच्या दाव्यात कंपनी सर्व्हेअर न पाठवता फोटोंवरही निकाल देते. तालुक्याच्या गावी राहत असाल तर सर्व्हेअर संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरहून येतो आणि दोन-चार दावे एकत्र करून निघतो, म्हणून फोन करून तारीख पक्की करा.

तो आला की काय बघतो? तुटलेली जागा, टीव्हीच्या खिळ्यांच्या खुणा, वायरिंग, घरात एकूण सामान किती आहे. काय विचारतो? कुलूप कधी लावलं, किल्ल्या कुणाकुणाकडं आहेत, घर किती दिवस बंद होतं, आधी कधी दावा केला होता का. उत्तरं फिर्यादीशी जुळणारी द्या, आणि आठवत नसेल ते 'आठवत नाही' म्हणा. तो जे कागद मागेल त्यांची यादी त्याच्याकडूनच ईमेलवर घ्या. तोंडी मागितलेला कागद पुढं 'दिलाच नाही' ठरतो. ठाण्यात दिलेल्या प्रत्येक अर्जावरही पोहोच घ्या, शिक्क्यासह.

सर्व्हेअर रक्कम सुचवतो, मंजुरी कंपनीची असते. त्याच्या अहवालाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. ती मागाच, कारण वाद घालायचा तर आकडे कसे काढले ते कळलं पाहिजे.

रक्कम का कमी येते

समजा, २०२१ मध्ये ३६,००० रुपयांना घेतलेला ४३ इंची टीव्ही गेला. तसाच नवा टीव्ही आज ३०,००० ला मिळतो. तुमची पॉलिसी बाजारमूल्याची असेल तर हिशोब ३६,००० पासून सुरू होत नाही, ३०,००० पासून होतो. त्यातून वयाप्रमाणं घसारा, म्हणजे वापरामुळं घटलेली किंमत, वजा होतो. वर्षाला १० टक्के धरला आणि टीव्ही ४ वर्षांचा असेल तर १२,००० वजा, उरले १८,०००. बॅटरीवर घसारा फार जोरात लागतो, तीन-चार वर्षांच्या बॅटरीचं हातात जवळपास काही येत नाही. पॉलिसी 'जुन्याच्या जागी नवं' अशी असेल तर घसारा नाही, पण मग पूर्ण रक्कम नवी वस्तू घेऊन बिल दिल्यावरच मिळते. आधी घसारा वजा रक्कम, बिलानंतर उरलेली. बिल देण्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. ती चुकवू नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळं 'आजची किंमत' खाली गेली आहे. सर्व्हेअर तीच धरणार, ते बरोबरच आहे.

दुसरी कात्री कमी विम्याची. घरात एकूण ६ लाखांचं सामान आहे आणि विमा ३ लाखांचाच घेतलाय, म्हणजे निम्मा. मग ९०,००० चं नुकसान झालं तरी ४५,००० च मिळतात, कारण उरलेल्या निम्म्याचा विमा देणारे तुम्ही स्वतः ठरता. भारत गृह रक्षा पॉलिसीत ही कपात नाही, पण वेगळ्या घरफोडी पॉलिसीत असू शकते. यानंतर एक्सेस, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुम्ही सोसायची ठरावीक रक्कम, वजा होते.

यावर तुमच्या हातात असलेला उपाय म्हणजे कोटेशन. तेच मॉडेल बंद झालं असेल तर दुकानदाराकडून 'हे मॉडेल उपलब्ध नाही, त्याच क्षमतेचं सध्याचं मॉडेल अमुक, किंमत इतकी' असं लेटरहेडवर लिहून घ्या. सर्व्हेअर ऑनलाइन सेलमधली सगळ्यात स्वस्त किंमत लावतो तेव्हा हा कागद कामाला येतो. क्षमता जुळली पाहिजे: दीड टनाच्या तीन स्टार एसीच्या जागी पाच स्टारचं कोटेशन दिलं तर फरक तुमच्या खिशातून.

अ समरी, हमीपत्र आणि सापडलेला माल

कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. गुन्हा खरा पण आरोपी मिळाले नाहीत, असं ठरलं की पोलीस 'अ' समरी मागतात आणि न्यायालय ती मंजूर करतं. याला महिने लागतात. तोपर्यंत दावा अडकवून ठेवला असेल तर ठाण्यातून 'तपास सुरू आहे, माल मिळून आलेला नाही' असं पत्र घ्या आणि हमीपत्र देऊन रक्कम मागा. तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. तिचा हवाला देऊन लेखी विचारणा करता येते.

पैसे देताना कंपनी हक्क हस्तांतराचं पत्र घेते: पुढं माल सापडला तर तो कंपनीचा. त्यासाठी मुद्रांक लागतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० रुपयांचा घ्यावा लागतो. दावा मिटण्याआधीच पोलिसांनी मुद्देमाल पकडला तर कंपनीला कळवा आणि न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करीन अशा लेखी हमीवर, वस्तू घ्या. पैसे मिळाल्यावर सापडली तर परस्पर घरी आणू नका.

नाकारलं किंवा फार कापलं तर

नकार लेखी, पॉलिसीतल्या नेमक्या अटीच्या उल्लेखासह मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं अर्ज, सोबत विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर नोंद. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी लोकपालांचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, दावा ५० लाखांपर्यंत चालतो, आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. घरगुती वस्तूंच्या दाव्याला हा मार्ग सगळ्यात सोयीचा. जिल्हा ग्राहक आयोग प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि तिथं मुदत २ वर्षांची, पण तारखांवर तारखा पडतात.

नवी वस्तू घेताना

स्वस्तात जुना मोबाइल घेऊन वेळ भागवायची असेल तर आधी इंग्रजीत KYM लिहून पुढं मोकळी जागा सोडून आयएमईआय टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. ब्लॉक केलेला किंवा बनावट नंबर असेल तर कळतं. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हाच आहे.

दावा मिळाल्यावर त्या वर्षासाठी पॉलिसीतली विमा रक्कम तेवढ्यानं कमी होते. थोडा हप्ता भरून ती पुन्हा पूर्ण करून घ्या, आणि नव्या वस्तूंची नावं, मॉडेल, सीरियल नंबर यादीत चढवा. टीव्ही भिंतीवर लावायला माणूस आला की त्याला दोन मिनिटं थांबवा आणि मागच्या स्टिकरचा फोटो काढा. एकदा भिंतीवर चढला की तो नंबर वाचायला पुन्हा टीव्ही उतरवावा लागतो.